गोष्टच हाय की गा ती

काकू, मी २२ वर्षांचा. शहापूरला राहतो, उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये सीएनसीवर कामाला आहे. कोरोनाच्या दिवसांत आम्ही पाच मित्रांनी डिस्कॉर्ड या चॅटच्या अ‍ॅपवर रोलप्लेचा एक सर्व्हर, म्हणजे ग्रुप, काढला. एक काल्पनिक जग, दोन राज्यं, मधून नदी, जंगल, जादूटोणा, आणि प्रत्येकानं आपलं एक पात्र घेऊन मराठीत लिहीत जायचं. आता साठ-सत्तर जण झालेत, बेळगाव, खानापूर, निपाणीचे आणि थोडे गडहिंग्लजकडचे. मी मॉडरेटर, म्हणजे ग्रुपवर लक्ष ठेवणारा, आहे. सर्व्हर ज्याच्या नावावर आहे तो माझा बालवाडीपासूनचा मित्र, आणि आमच्यात सगळ्यात चांगलं लिहितो तोच.

वर्षापूर्वी त्यानं नदीपलीकडे एक जमात आणली. ते लोक गावाबाहेर राहतात, मेलेली ढोरं ओढतात, अंगाला वास मारतो, आणि बोलतात मोडकंतोडकं कानडी. त्यांना मारलं की गुण मिळतात. आधी आम्हाला हसू यायचं. मग मारण्याची वर्णनं लांबत गेली. गेल्या महिन्यात त्यांची एक वस्ती जाळली, आणि त्यातल्या एका बाईला आणि तिच्या पोराला कसं मारलं ते चौघं जण सलग चार दिवस लिहीत होते. नववी-दहावीची पोरं खाली हसण्याच्या इमोजी टाकत होती. खानापूर तालुक्यातली एक मुलगी आमच्यात वैदूचं पात्र लिहायची. तिचं पात्र त्या वेळी वस्तीत औषध द्यायला गेलेलं. मित्रानं तिला न विचारताच लिहिलं की तिचे हात बांधून तिला सगळं बघायला लावलं. ती दुसऱ्या दिवशी काही न बोलता निघून गेली.

मित्राला बोललो तर म्हणाला, ‘गोष्टच हाय की गा ती. तू कवापासनं एवढा हळवा झालास?’ खरं मलाही मारामारीच्या गोष्टी आवडतात. मग हेच का खुपतंय? मीच जास्त मनाला लावून घ्यायलोय काय?

– एक मॉडरेटर, शहापूर


बाळा,

तुझं पत्र वाचताना मी त्या जमातीच्या नावापाशी अडखळले. तू ते लिहिलं आहेस, मी इथं छापायचं टाळलंय. त्यातलं एक अक्षर बदललं की आपल्याच तालुक्यातल्या एका समाजाचं नाव होतं. हे तुझ्या लक्षात आलं नसेल असं मला वाटत नाही. लक्षात आलं म्हणूनच तू पत्र लिहिलंस.

आधी रक्ताचं बोलू, कारण तू उगीच त्याच्यात अडकलायस. मारामारीच्या गोष्टी आवडतात म्हणून तुला बोलायचा हक्क नाही, असं तुझ्या मित्रानं तुला पटवलंय. ते डोक्यातून काढ. मी तीस वर्षं हायस्कूलला मराठी शिकवलं. द्रौपदीची वेणी दुःशासनाच्या रक्ताने भिजते तो भाग शिकवताना मागच्या बाकावरची पोरंसुद्धा जागी व्हायची. पोथ्या, पोवाडे, आजीच्या गोष्टी, सगळीकडे रक्त आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेत आईबापांनी ओरड केली होती की ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा पात्रं घेऊन खेळायचा काल्पनिक जगाचा गेम खेळून मुलं सैतानाच्या नादी लागतात आणि जीव देतात. संघटना निघाल्या, टीव्हीवर चर्चा झाल्या, आणि त्या दाव्यांतलं काहीही टिकलं नाही. तेव्हा ‘गेम बंद करा’ म्हणणाऱ्यांत मी नाही. तुझ्या आईनं हे वाचलं तर तिलाही सांग.

आता आमच्या गल्लीतली एक गोष्ट सांगते. वैशाखात शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक निघते, ती तू लहानपणापासून बघत आलायस. आमच्या मंडळाच्या रथावर एका वर्षी अफजलखानाचा वध होता. खान झालेला गृहस्थ कुंदा करणारा, अंगापिंडानं चांगला, मिश्या स्वतःच्या. चौकाचौकात तो कोसळायचा, लाल रंगाची पिशवी फुटायची, लोक ओरडायचे, आणि रथ पुढं सरकला की तो उठून शिवाजी झालेल्या पोराकडून पाणी मागून प्यायचा. मी त्या वर्षी पोरांच्या तोंडरंगाला होते, म्हणून बरोबर चालत होते. रात्री दीड-दोनच्या सुमाराला एका वळणावर एका पोरानं घोषणा दिली. ती रथावरच्या खानाला नव्हती, रस्त्याकडेच्या बंद दुकानाला होती. दुकान एका मुसलमान शिंप्याचं. आमच्या मावळ्यांचे अंगरखे त्यानंच शिवले होते. दोनचार जणांनी त्या पोराला ओढून मागं नेलं, रथ पुढं गेला, आणि कुणी त्यावर पुन्हा बोललं नाही. मीही नाही.

खान रथावर होता तोवर तो खान होता. त्या पोरानं त्याला रथावरून उतरवून शिंप्याच्या दुकानात नेऊन बसवला. त्या रात्री लाल रंग किती सांडला याच्याशी याचा काही संबंध नव्हता. तुझ्या सर्व्हरवर नेमकं तेच झालंय. गावाबाहेरची वस्ती, मेलेली ढोरं, अंगाचा वास, हे कल्पनेतून आलेलं नाही. ते काम कुणाच्या गळ्यात बांधलं होतं आणि बाबासाहेबांच्या सांगण्यावरून लोकांनी ते कसं सोडून दिलं, हे तुझ्या मित्राच्या आजोबांना ठाऊक असणार. त्याच्या राक्षसांना पत्ता आहे, आणि तो आपल्याच भागातला आहे.

आणि वर ते कानडी! इथं मात्र मला राग आला, तो लपवत नाही. १९५६ साली राज्यपुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं तेव्हापासून आपण मराठी माणसं एकच गाऱ्हाणं सांगत आलोय, की आमच्या भाषेला इथं हीन लेखू नका. १ नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या फेरीत तुझा मित्र जात असेलच. तोच मुलगा घरी येऊन कानडीला जंगली लोकांची भाषा करतो? आणि आपलं मराठी तरी कुठलं सोवळ्यातलं? आपण ‘पण’ला ‘खरं’ म्हणतो, ‘काय करूलालास’ म्हणतो, आणि पुण्याचा पाहुणा तोंड दाबून हसतो. त्या हसण्यानं अंगाला काय होतं ते आपल्याला चांगलं माहीत आहे. तरी शेजाऱ्याच्या वाट्याला तेच द्यायचं.

तुझा मित्र म्हणेल की फॅन्टसीत असंच असतं, एक जात जन्मतःच दुष्ट असते, सगळीकडे तसंच लिहितात. असायचं, हे खरं आहे. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली आला, आणि पुढं कित्येक वर्षं त्यातली ऑर्क नावाची राक्षसी जमात जन्मानेच दुष्ट असायची, त्यामुळे त्यांना मारताना कुणाला विचार करावा लागायचा नाही. खरं, तो गेम काढणाऱ्या कंपनीनंच २०२० मध्ये जाहीरपणे लिहिलं की ऑर्क आणि ड्राऊ या जमातींची जुनी वर्णनं खऱ्या जगात लोकांना हिणवायला जशी भाषा वापरली गेली तिच्याशी जुळतात, आणि आम्ही ती बदलतोय. २०२४ च्या नव्या नियमपुस्तकात ‘रेस’ हा शब्दच काढून ‘स्पीशीज’ केला. म्हणजे तुझा मित्र ज्यांचं बघून लिहितोय त्यांनी ते सोडलंय, आणि हा शिळ्या कढीला ऊत आणतोय.

एवढ्या लांब जायचीही गरज नाही. बलिप्रतिपदेला तुझी आजी काय म्हणते? इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो. बळी कोण? असुरांचा राजा. त्याच दिवशी कानडी घरांत बलिपाड्यमी असते. नदीच्या अलीकडचे आणि पलीकडचे मिळून आपण वर्षातून एक दिवस एका असुराची वाट बघतो. घटोत्कच हिडिंबेचा, विभीषण रावणाचा भाऊ, प्रल्हाद हिरण्यकश्यपूचा मुलगा. राक्षसाच्या पोटी जन्मला म्हणून संपवला, एवढी सोपी गोष्ट आपल्याकडे कधी कुणी सांगितली नाही. चांगलं लिहिणाऱ्या माणसानं इतकं सोपं का लिहावं, हा प्रश्न मित्राला त्याचा वाचक म्हणून विचार. नीतीचा प्रश्न विचारलास तर तो हसेल. लिखाण आळशी झालंय म्हटलंस तर त्याला झोप येणार नाही. लेखक माणसं अशीच असतात, मी बऱ्याच जणांचे निबंध तपासलेत.

आता त्या मुलीकडे येते. तुझ्या पत्रातली सगळ्यात गंभीर गोष्ट तू एका ओळीत उरकलीस. दुसऱ्याचं पात्र त्याला न विचारता आपण चालवायचं नाही, हा रोलप्लेचा पहिला नियम. तुम्ही त्याला गॉडमॉडिंग म्हणता, असं माझ्या भाच्यानं सांगितलं. तो त्याच वयाचा आहे. तुझ्या मित्रानं तिच्या पात्राचे हात बांधले, आणि त्या बांधलेल्या हातांसमोर एक बाई नि तिचं मूल मारलं.

अशी एक घटना फार पूर्वी घडून गेली आहे. लॅम्डामू नावाचं एक जग होतं, नुसत्या अक्षरांचं, चित्र एकही नाही. कॅलिफोर्नियात झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातल्या एका कॉम्प्युटरवर ते चालायचं. १९९३ मध्ये तिथं एकानं एक प्रोग्रॅम वापरून दुसऱ्यांची पात्रं आपल्या ताब्यात घेतली, आणि भरल्या दिवाणखान्यात त्यांच्याकडून किळसवाणे लैंगिक प्रकार होताहेत असं सगळ्यांना दाखवलं. ज्यांची पात्रं होती त्यांच्यातली एक बाई सिअ‍ॅटलमध्ये आपल्या घरी बसून त्याबद्दल लिहीत होती, आणि लिहिताना खरीखुरी रडत होती. मग तिथल्या लोकांनी त्याच जगात सभा घेतली, भांडभांड भांडले, निर्णय काहीच झाला नाही. शेवटी एका अ‍ॅडमिननं गुपचूप ते पात्र कायमचं पुसलं. त्याचा नंतर वाद झाला तो यावरून की एकट्यानं का ठरवलं, आणि त्यातून पुढं तिथं अर्ज करून मतदान घ्यायची पद्धत आली. रक्ताचा थेंब कुठं सांडला नव्हता, अंगाला बोट लागलं नव्हतं. ‘गोष्टच हाय की’ हे वाक्य तिथंही इंग्रजीत शंभरदा बोललं गेलं असणार.

तुझी वैदू गोष्टीतलं रक्त बघून गेली नाही, असं माझा अंदाज सांगतो. वर्षभर ती तुमच्यात होती, मारामाऱ्या बघत होती. तिची जात काय, ते तू लिहिलेलं नाहीस, मी विचारणारही नाही. तूही जाऊन विचारू नकोस. ती जी कुणी असेल, तिला त्या चार दिवसांत कळलं की या खोलीत आपले हात कुणीही बांधू शकतो आणि बाकीचे इमोजी टाकतात.

तिला एक निरोप पाठव, लहानसा. जे झालं ते चूक होतं, तुझं पात्र तुला न विचारता वापरलं, मी मॉडरेटर होतो आणि मी थांबवलं नाही. ‘पण’ नको, ‘खरं’ही नको. परत ये म्हणू नकोस, मित्राची बाजू सांगू नकोस, ‘तो मनानं चांगला आहे’ तर मुळीच नको. उत्तर आलं नाही तर पुन्हा लिहू नकोस. तिला कुणी खासगी मेसेजमध्ये जातीवरून किंवा धमकीचं काही पाठवलं असेल, तर ती गोष्ट राहिली नाही. त्यासाठी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल आहे, बेळगावात सायबर गुन्हे बघणारं सीईएन पोलीस ठाणं आहे, अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा आहे. जायचं की नाही ते तिनं ठरवायचं. तिनं मागितले तर तुझ्याकडचे स्क्रीनशॉट तारखेसकट तिला द्यायचे, एवढंच तुझं काम.

आणि ते स्क्रीनशॉट दुसरीकडे कुठंही जाऊ द्यायचे नाहीत. हे मी तुला हात जोडून सांगते. रागाच्या भरात ‘बघा हे काय लिहितात’ म्हणून ग्रुपवर टाकशील, आणि अर्ध्या तासात ते ‘मराठी पोरांनी कानडी बाईला जाळलं’ होऊन गावभर फिरेल. २०२५ च्या फेब्रुवारीत बेळगावजवळ एका बसमध्ये भाषेवरून वाद झाला, कंडक्टरला मारहाण झाली, आणि दोन राज्यांमधल्या बसगाड्या थांबल्या. त्यात कोल्हापूरला दवाखान्यात जाणारी माणसं अडकली असतील, कॉलेजची पोरं अडकली असतील, ज्यांचा त्या वादाशी काडीचा संबंध नव्हता. आपल्याकडे ठिणगी शोधायला कुणाला लांब जावं लागत नाही. शत्रुत्व पसरवल्याचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या १९६ कलमात येतो, तोही उद्या कुणी तुमच्या साठ-सत्तर पोरांवर लावायला बघेल. दहावीच्या पोरांवरसुद्धा.

त्या दहावीच्या पोरांचं तर तुला आजच बघायचंय, मित्राशी बोलणं होईपर्यंत थांबू नकोस. डिस्कॉर्डवर खातं काढायलाच १३ वर्षं पूर्ण लागतात, आणि मोठ्यांसाठीचं लिखाण ज्यात असतं त्या चॅनेलला वयाची अट लावता येते. मॉडरेटर म्हणून तुला चॅनेल हाताळायचा अधिकार असेल तर ती जाळपोळीची चॅनेल आज रात्री बंद कर. नसेल तर मित्राला सांगून करून घे, आणि नाही म्हणाला तर त्या पोरांना एकेकट्याला गाठून सांग. ती इमोजी टाकतात कारण तुम्ही मोठे टाकता. मी हे वर्गात हजारदा पाहिलंय. पुढच्या बाकावरचा हसला की मागचे सगळे हसतात, विनोद कळलेला नसला तरी.

मित्राशी बोलायचं ते सर्व्हरवर नको. तिथं त्याला साठ-सत्तर प्रेक्षक आहेत, तो माघार घेणार नाही. किल्ल्याच्या तलावाकडे ने, नाहीतर गोगटे सर्कलला चहा पाज. लहानपणी दिवाळीत तुम्ही दोघांनी मिळून मातीचा किल्ला केला असेल, शहापूरात कोण करत नाही! तुमचा सर्व्हर म्हणजे तोच किल्ला आहे, फक्त आता त्यात चिखलाऐवजी माणसं लागलीत. ‘तू जातीयवादी आहेस’ असं सुरू केलंस तर बोलणं तिथंच संपेल. तीन गोष्टी माग आणि नेमक्या माग. जमातीचं नाव आणि भाषा बदलायची, आणि तिला एक स्वतःचं माणूस द्यायचं, नावगाव असलेलं, बोलतं, ज्याच्या बाजूनंही गोष्ट दिसेल. दुसऱ्याच्या पात्राला हात लावायचा नाही. आणि कुठलाही नवा प्रसंग सुरू करण्याआधी काय लिहायचंच नाही आणि काय पडद्याआड ठेवायचं, ते सगळ्यांना विचारायचं.

हे शेवटचं माझ्या डोक्यातलं नाही. रॉन एडवर्ड्स नावाच्या गेम लिहिणाऱ्यानं ‘लाइन्स’ आणि ‘व्हेल्स’ असे दोन शब्द काढले. एक म्हणजे रेघ, जी ओलांडायचीच नाही, आणि दुसरा पडदा, ज्याच्या मागं काय झालं ते सगळ्यांना कळतं खरं दाखवत नाहीत. आमच्या नाटकवाल्यांना हे जुनंच. जॉन स्टॅव्रोपोलस यानं ‘एक्स कार्ड’ काढलं. टेबलावर फुलीचं एक कार्ड ठेवायचं, कुणी त्याला हात लावला की तो प्रसंग तिथंच थांबवून पुढं जायचं, कारण विचारायचं नाही. ‘कारण विचारायचं नाही’ यातच सगळं आहे. तुमच्याकडे टेबल नाही, तर एखादी इमोजी ठरवा. त्या मुलीकडे तशी एक खूण असती तर तिला सर्व्हर सोडून जावं लागलं नसतं.

तो ऐकेल का, मला माहीत नाही. सर्व्हर त्याच्या नावावर आहे, मॉडरेटरला मालकाला काढता येत नाही, हे तो जाणून आहे. ऐकलं नाही तर मॉडरेटरपण सोड. मैत्री सोडायची की नाही ते वेगळं, त्याची घाई नको. माणूस एका ठिकाणी वाईट लिहितो आणि दुसऱ्या ठिकाणी तुझ्या वडिलांच्या ऑपरेशनला रात्रभर बाकावर बसतो, असं होतं. खरं, त्याच्या जगाच्या दारावर तू राखणदार म्हणून उभा राहिलास तर आत काय चाललंय त्याची जबाबदारी तुझ्यावर येते. तुझी पात्रं तुझी आहेत, ती घेऊन दुसरं घर काढता येतं. पाच जणांनी सुरू केलं होतंत, पुन्हा पाच जण मिळतील.

एक राहिलं. भाचा सांगत होता की कुणी सर्व्हर सोडून गेलं की उरलेले त्याच्या पात्राला गोष्टीत मारून टाकतात, कथानक पुढं न्यायला सोयीचं पडतं म्हणून. त्या वैदूला तसं मारू देऊ नकोस. तिला जळत्या वस्तीतून बाहेर काढायलाही कुणी धावू नये, तूसुद्धा नाही. तिचे हात बांधलेत ती ओळ तेवढी पुसून टाक, आणि पुढची जागा कोरी ठेव.

– काकू